सही इथे येऊन करा : नोटरीकडे पहिल्यांदा जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी

रोज दोघं-तिघं तरी आधीच सही केलेला कागद घेऊन आमच्या टेबलाशी येतात. "वकीलसाहेब, फक्त शिक्का मारायचाय." साहेब चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "सही कुणाची?" उत्तर ठरलेलं असतं : "बायकोची हाय. ती घरी हाय. मी आलोय ना." मग कागद परत जातो, माणूस चिडतो आणि बाहेर जाऊन सांगतो की इथले नोटरी लई नखरे करतात.

मी सोलापुरात कोर्टाच्या आवारात एका नोटरी वकिलांच्या शेजारच्या टेबलावर टायपिंग करतो. टाइपरायटरवर सुरुवात केली, आता कॉम्प्युटर आहे. वकील मी नाही. पण लोक कुठे चुकतात, कशासाठी दोन-दोन हेलपाटे घालतात आणि कुठे पैसे पाण्यात घालतात, ते माझ्या खुर्चीवरून दिसतं. म्हणून हा लेख.

नोटरी म्हणजे कोण, आणि त्याचा शिक्का काय सांगतो

नोटरी बहुतेक वेळा वकीलच असतो, पण प्रत्येक वकील नोटरी नसतो. नोटरी कायदा १९५२ चा आणि त्याखालचे नियम १९५६ चे. वकिलीत किमान दहा वर्षं झालेल्यांना अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गातल्या वकिलांना सात वर्षं पुरतात. नेमणूक केंद्र सरकार तरी करतं नाहीतर राज्य सरकार. व्यवसायाचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं, मग नूतनीकरण करावं लागतं. प्रमाणपत्रात कामाचं क्षेत्रही लिहिलेलं असतं, आणि त्या क्षेत्राबाहेर जाऊन त्यांनी शिक्का मारायचा नसतो.

कायद्याच्या आठव्या कलमात नोटरीच्या कामांची यादी आहे. दस्तावर सही झाल्याची साक्ष देणं, शपथ देणं, प्रतिज्ञापत्र घेणं, भाषांतर करणं आणि ते बरोबर असल्याचं प्रमाणित करणं, परदेशात वापरायचे कागद तयार करणं. कोर्टाने सांगितलं तर कमिशनर म्हणून साक्ष नोंदवणं, आणि कुणी नेमलं तर लवाद किंवा मध्यस्थ होणं. वचनचिठ्ठी किंवा हुंडी नाकारली गेली तर तशी नोंद करून निषेधपत्र काढणंही त्यात आहे. जहाजावर कर्ज काढण्याचे रोखेसुद्धा आहेत. सोलापुरात जहाज कुठलं? उजनीच्या पाण्यातल्या होड्या सोडल्या तर तसलं काही आपल्या टेबलावर यायचं नाही. पण या कामाचं मूळ बंदरावरच्या व्यापारात आहे, हे त्या यादीवरून कळतं. आज चेक बाऊन्सचं म्हणून ज्याला सगळे 'एकशे अडतीस' म्हणतात, ते १८८१ च्या चेक-हुंड्यांच्या कायद्यातलं कलम मुळात नोटरी नेमण्याचं होतं. नोटरींचा स्वतंत्र कायदा आला, तो आकडा रिकामा झाला, आणि पुढे १९८८ मध्ये तिथे चेकवाले येऊन बसले.

आता मुद्द्याचं. नोटरीचा शिक्का एवढंच सांगतो : अमुक तारखेला अमुक माणूस माझ्यासमोर आला, तो तोच आहे याची मी खात्री करून घेतली, आणि त्याने माझ्यादेखत सही केली किंवा शपथ घेतली. कागदात लिहिलेलं खरं आहे असं शिक्का सांगत नाही. जमीन विकणाऱ्याचीच आहे असंही नाही. साक्ष माणसाची आणि सहीची आहे. एवढं डोक्यात ठेवलंत की पुढच्या सगळ्या पायऱ्या का आहेत ते आपोआप कळेल. सही घरून करून आणलेली का चालत नाही, तेही.

पहिली पायरी : नोटरी लागतेच का, ते विचारा

आमच्याकडे येणाऱ्यांत बऱ्याच जणांना नोटरी लागतच नसते. कुणीतरी सांगितलेलं असतं, "एक अॅफिडेव्हिट करून आण." कुठलं, कुणासमोर, कशावर, हे काहीच विचारलेलं नसतं.

महाराष्ट्र शासनाने ९ मार्च २०१५ च्या निर्णयाने दाखल्यांच्या अर्जांसाठी प्रतिज्ञापत्राची अट बरीचशी काढून टाकली आणि त्याजागी स्वयंघोषणापत्र आणलं. झेरॉक्सवरही स्वतःचीच सही चालते, म्हणजे स्वयंसाक्षांकन. जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र मागितलंय तिथेच ते द्यायचं. त्यामुळे सेतूत किंवा महा-ई-सेवा केंद्रात गेलात तर आधी विचारा : स्वयंघोषणापत्र चालेल का? बहुतेक वेळा छापील नमुनाच हातात मिळतो.

साक्षांकित प्रती कुठे मागितल्या तर विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची म्हणजे एसईओची सही चालते का, राजपत्रित अधिकाऱ्याची चालते का, हे विचारून घ्या. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांसाठी कोर्टातही शपथ देण्याची सोय असते. काही बँका, विमा कंपन्या, गॅस एजन्सी आणि कॉलेजं मात्र 'नोटरी केलेलंच हवं' म्हणतात. म्हणत असतील तर त्यांच्याकडून मजकुराचा नमुना मागून घ्या. देतात. न मागता देत नाहीत, एवढंच.

जून-जुलैत कॉलेजच्या पोरांची रांग लागते, 'गॅप'च्या प्रतिज्ञापत्रासाठी. मधलं एक वर्ष शिक्षण का थांबलं, त्या काळात दुसरीकडे प्रवेश घेतला नव्हता, असं लिहून द्यायचं असतं. ते पोराने स्वतः यायचं. अठरा पूर्ण नसतील तर आई-वडील किंवा पालकांनी करायचं.

इथे नोटरी पुरत नाही

हा भाग जरा सावकाश वाचा. पैसे इथेच बुडतात.

जागा. सोलापूर शहराची हद्द १९९२ मध्ये वाढली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. आपण त्याला हद्दवाढ भाग म्हणतो. त्या भागात शेतजमिनीचे गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकले गेले आणि त्यातले कितीतरी व्यवहार 'नोटरीवर' झाले. स्टॅम्प पेपरवर खरेदीचा मजकूर, दोन साक्षीदार, गोल शिक्का, आणि घेणाऱ्याला वाटतं जागा आपली झाली. माझ्या चुलत्यांनीही अशीच जागा घेतली. घर बांधलं, लाइटचं बिल त्यांच्या नावावर येतं. सातबाऱ्यावर नाव अजून मूळ मालकाच्या वारसांचं आहे आणि ते वारस आता चौदा जण झालेत. चुलत्यांच्या कपाटात तो नोटरीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता ठेवलेला आहे. बँक त्यावर कर्ज देत नाही.

कायदा साधा आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं सतरावं कलम तेच सांगतं. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं, इंडेक्स टू म्हणजे सूची क्रमांक दोन, नोंदणीचा उतारा, घ्यायची, मग फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घ्यायचं. नोटरीचा कागद फार तर पैसे दिल्याचा पुरावा होऊ शकतो. मालकी त्याने येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्यावतीने काम करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, जागा 'घेण्याचंही' तेच : सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलंय की मुखत्यारपत्र करून दिल्याने मालकी बदलत नाही. गुंठेवारी नियमित करून घेण्यासाठी २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. तो रस्ता लांबचा आहे, पण रस्ता आहे.

भाड्याचं घर. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून ठेवायची आपल्याकडे जुनी सवय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर करार कसा होता याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, म्हणजे नोटरीवर पैसे वाचवणाऱ्या मालकाचंच नुकसान. शहरात नोंदणी फी हजार रुपये आहे, ग्रामीण भागात पाचशे, आणि काम ऑनलाइन होतं. कुणी दारात येऊन "नोटरीवर भागतंय की" म्हणालं तर हसून टाळा.

मुखत्यारपत्र. नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र बँकेत, कोर्टात, वीज कंपनीत चालतं. पण तुमच्यावतीने दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदणीला सादर करायचा अधिकार द्यायचा असेल, आणि तुम्ही भारतातच राहत असाल, तर ते मुखत्यारपत्र निबंधकासमोरच प्रमाणित व्हावं लागतं. नोटरी चालत नाही. गंमत अशी की तुम्ही परदेशात असाल तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं चालतं. दुबईहून मुलाने पाठवलेलं मुखत्यारपत्र हातात आलं की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. लोक ते देवघरात ठेवतात आणि वर्षाने काढतात.

लग्न आणि काडीमोड. पोरगा-पोरगी पळून येतात आणि शंभर प्रश्न टाळायला नोटरीकडे येतात. स्टॅम्पवर 'आम्ही लग्न केलं' असं लिहून शिक्का मारला म्हणजे लग्न होत नाही. नोटरी हा विवाह अधिकारी नव्हे. केंद्राच्या कायदा खात्याने २०२४ मध्ये नोटरींना पुन्हा बजावलं की लग्नाची आणि घटस्फोटाची प्रतिज्ञापत्रं करू नका, केलीत तर कारवाई होईल. नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ते दिवस कठीण असतात, मान्य आहे. पण नोटरीच्या कागदावर संसार मांडून पुढे पोरीचेच हाल होताना मी पाहिलेत. घटस्फोटाच्या स्टॅम्पचंही तसंच. दुसरं लग्न करून बसलेल्या माणसाला पहिल्या बायकोची नोटीस आली की तो कागद काही कामाला येत नाही.

मृत्युपत्राला नोटरी लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ते नसतील तर नोटरीचा शिक्का त्यांची जागा घेत नाही.

दुसरी पायरी : स्टॅम्प

ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या स्टॅम्पवर होणारी बरीचशी कामं पाचशेवर गेली, त्यात प्रतिज्ञापत्रही. पण एक गोष्ट बाहेर कुणी सांगत नाही. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, राष्ट्रीयत्वाचा अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. २००४ चा आदेश आहे, आणि पाचशेचा गोंधळ झाल्यावर २०२५ मध्ये महसूल खात्याने तो पुन्हा सांगितला. साध्या कागदावर करा. काउंटरवरच्या माणसाने स्टॅम्पच मागितला तर अडून न बसता, नम्रपणे, माफीचा आदेश आहे म्हणून सांगा. हातावर पोट असलेल्या माणसाचे पाचशे रुपये वाचतात.

स्टॅम्प लागतच असेल तर मुद्रांक विक्रेत्याकडून तुमच्या नावाने घ्या. विकत घेणारा हा त्या कागदातला एक पक्ष असायला हवा. शेजाऱ्याच्या नावचा उरलेला स्टॅम्प चालत नाही. घेतल्यापासून सहा महिन्यांत वापरायचा, नाहीतर तो बाद. मागची तारीख टाकलेला स्टॅम्प 'मिळवून देतो' म्हणणारे भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा. विक्रेत्याच्या वहीत तारीख असते, नोटरीच्या रजिस्टरमध्ये तारीख असते, आणि कोर्टात दोन्ही वह्या समोर येतात.

तिसरी पायरी : मजकूर

प्रतिज्ञापत्र 'मी' म्हणून लिहायचं असतं. पूर्ण नाव, वय, धंदा, पत्ता. मग मुद्द्याला क्रमांक देऊन एकेक गोष्ट. शेवटी, वर लिहिलेलं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे, असं सत्यापन. ठिकाण आणि तारीख. तारीख आणि सहीची जागा नोटरीसमोरच भरायची. बाकी कुठेही मोकळी जागा ठेवू नका. खाडाखोड झाली तर शेजारी सही करा.

सोलापुरात सगळ्यात जास्त काम नावाचं. आपलं गाव मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांचं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातल्या माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'व्यंकटेश', आधारवर 'वेंकटेश', पीएफच्या खात्यात 'व्यंकय्या', आणि रेशनकार्डावर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. अक्कलकोटकडच्या बाईचं नाव माहेरच्या कन्नड कागदात 'मल्लव्वा' आणि सासरी 'मल्लम्मा'. मग लागतं 'वन अँड सेम पर्सन'चं अॅफिडेव्हिट : ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत. यात प्रत्येक नाव त्या-त्या कागदावर जसं आहे तसंच लिहा, काना-मात्रेसकट, आणि कुठल्या कागदावर ते आहे तेही लिहा. दुरुस्त करून 'शुद्ध' लिहाल तर कागदाचा उपयोग शून्य. हे अॅफिडेव्हिट नाव बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा. कायमचं नाव बदलायचं असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं.

खोटं लिहू नका. धाक घालायला सांगत नाही. शपथेवर खोटं सांगणं हा गुन्हा आहे : न्यायालयीन कामात सात वर्षांपर्यंत, इतर ठिकाणी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. 'टायपिस्टने लिहिलं' म्हणून तुम्ही सुटत नाही, कारण सही तुमची असते. म्हणून माझ्यासारख्याने टाइप केलेला कागद सही करण्याआधी पूर्ण वाचा. आम्ही जुनी फाइल उघडून नाव बदलतो, आणि कधीकधी आधीच्या माणसाचं गाव तसंच राहतं. माझ्याकडून एकदा बार्शीच्या माणसाचं वय मंगळवेढ्याच्या बाईला लागलं होतं.

चौथी पायरी : नोटरी खरा आहे का

कोर्टाच्या आवारात आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आसपास नोटरी सापडायला वेळ लागत नाही. बघायचं एवढंच : नोटरीचा शिक्का साधा गोल असतो, पाच सेंटिमीटर व्यासाचा. त्यावर नोटरीचं नाव, कामाचं क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि कुठल्या सरकारने नेमलंय ते असतं. प्रमाणपत्राची मुदत विचारायला लाजू नका. बहुतेक जण ती शिक्क्यातच किंवा शेजारी लिहितात. मुदत संपलेल्या माणसाने मारलेला शिक्का पुढे तुमच्याच गळ्यात येतो. नोटरी नसताना नोटरी म्हणून मिरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

फीचे दर ऑफिसच्या आत आणि बाहेर दिसतील असे लावायचे, हा नियम आहे. बोर्ड दिसला नाही तर विचारा, आणि फीची पावती मागा. पावती देणंही नियमातच आहे. टायपिंगचे पैसे वेगळे, ते आमचे. स्टॅम्पचे आणि नोटरीच्या तिकिटाचे, म्हणजे कागदावर चिकटवायच्या छोट्या मुद्रांकाचे, आणखी वेगळे. तिन्ही आकडे आधी विचारून घ्या म्हणजे नंतर कुणावरच चिडायला नको.

न येताच कुणाच्या सहीवर शिक्का मारला, अशी गैरवर्तनाची तक्रार करायची असेल तर ज्या सरकारने नेमणूक केली त्याच्याकडे लेखी द्यायची. नियमांत त्यासाठी ठरलेला नमुना आहे, आणि चौकशी होऊन प्रमाणपत्र रद्दही होऊ शकतं. आधी म्हणालो ते नखरे करणारे नोटरी आठवा. ते नखरे न करणं त्यांना परवडत नाही.

पाचवी पायरी : टेबलासमोर

सोबत काय न्यायचं : मूळ आधार किंवा दुसरं फोटोचं ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, दोन फोटो, मजकुरात ज्या कागदांचा उल्लेख आहे ते मूळ कागद. नोटरी तुम्हाला ओळखत नसेल तर ओळखणारा माणूस लागतो, तो स्वतःच्या ओळखपत्रासह. बहुतेक वेळा एखादा वकील ओळख देतो. चष्मा न्या. वाचल्याशिवाय सही करणाऱ्यांतले निम्मे लोक चष्मा घरी विसरलेले असतात.

मग नोटरी तुमचा चेहरा आणि फोटो बघतात, मजकूर समजला का विचारतात, प्रतिज्ञापत्र असेल तर शपथ देतात. तुम्ही त्यांच्यासमोर प्रत्येक पानावर सही करता. रजिस्टरमध्ये नोंद होते, अनुक्रमांक पडतो, तिथेही तुमची सही किंवा अंगठा घेतात. या रजिस्टरला कमी लेखू नका. त्याची पानं आधी मोजून प्रमाणित करावी लागतात आणि जिल्हा न्यायाधीश ते तपासू शकतात. दहा वर्षांनी कुणी म्हणालं की 'ही सही माझी नाहीच', तर उत्तर त्या वहीत सापडतं.

अंगठा लावणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. मजकूर त्यांना समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि तसं वाचून दाखवल्याचा शेरा कागदावर लिहायचा. विडी वळणाऱ्या एक अक्का आल्या होत्या. त्यांना मराठी बोलता येत होतं, पण संमतीपत्रातली मराठी कळली नाही. कळणार तरी कशी, "सदर मिळकतीतील माझा अविभाज्य हिस्सा" असं लिहिलेलं. साहेबांनी शेजारच्या टेबलावरून तेलुगू जाणणाऱ्या एका ज्युनिअर वकिलाला बोलावलं. त्याने चार वाक्यांत सांगितलं. अक्कांनी विचारलं, "म्हणजे माझी खोली भावाला जाणार?" हो म्हटल्यावर त्या उठल्या आणि गेल्या. भाऊ दारात उभा होता. साहेबांनी कागदावर काहीच केलं नाही, फी घेतली नाही, आणि मला टायपिंगचे पैसेही मिळाले नाहीत. नोटरीचं कर्तव्य म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं. आमच्या टेबलावर त्याची अजून आठवण निघते.

कन्नड किंवा तेलुगूतल्या मूळ कागदाचं भाषांतर लागत असेल, विजयपूर-कलबुर्गीकडच्या जमिनीचे उतारे असतील, तर ते काम नोटरीच्या अधिकारात येतं. मूळ प्रत सोबत न्या आणि आकडे, सर्व्हे नंबर, नावं दोनदा जुळवून बघा.

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर नोटरी आपल्या क्षेत्रात घरी किंवा दवाखान्यात येऊ शकतात, प्रवासखर्च घेऊन. पेशंट शुद्धीवर आहे आणि त्याला कळतंय, याचं डॉक्टरांचं पत्र हाताशी ठेवा. म्हाताऱ्या माणसाला स्ट्रेचरवर घालून मे महिन्याच्या उन्हात कोर्टात आणायची गरज नाही. असं आणलेलं मी पाहिलंय.

कागद परदेशात पाठवायचा असेल तर नोटरी ही फक्त पहिली पायरी. पुढे राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल लागतं, म्हणजे हेगच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालणारं प्रमाणपत्र. भारत २००५ पासून त्या करारात आहे. पण प्रत्येक देश त्यात नाही, त्यामुळे कागद ज्या देशात जाणार त्याच्या वकिलातीला काय हवंय ते आधी विचारून घ्या.

उठण्याआधी

खुर्ची सोडण्याआधी पाच गोष्टी बघा. प्रत्येक पानावर शिक्का आहे का. नोटरीची सही आणि तारीख आहे का, आणि तुमच्या सहीची तारीख तीच आहे का. रजिस्टरचा अनुक्रमांक कागदावर लिहिलाय का. नोटरीचं तिकीट लावलंय का आणि ते शिक्क्याने रद्द केलंय का. मूळ ओळखपत्र परत मिळालं का. यातली शेवटची सगळ्यात जास्त विसरतात. माझ्या ड्रॉवरमध्ये आत्ता तीन आधार कार्डं पडून आहेत.

आणि झेरॉक्स शिक्का मारल्यानंतर काढा. आधी काढून ठेवलेल्या पाच बिनशिक्क्याच्या प्रती हातात घेऊन, "यांच्यावर पण मारा की साहेब," म्हणणारा माणूस रोज एक तरी येतो.